एकवीस पडदे आणि आक्काचा खोकला

प्रिय आक्का,

त्या गिटारीचे पडदे बदलायला खरं काय काय लागलं, ते आज बसून मांडलं. दाढीची अकरा पाती. सुमनचं एक जुनं पातळ, गिटार गुंडाळायला. एक सोल्डरिंग आयर्न, जे शेवटच्या पडद्यावर जळालं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख, जे पुढं दोन महिने काळंच राहिलं. आणि तुझे चार दिवस, म्हणजे तू न वळलेल्या चार हजार विड्या. लोकांना मी इतकी वर्षं एवढंच सांगत आलोय, की आपण आठ दिवसांत काम केलं. त्या विड्या माझ्या गोष्टीत कधी आल्याच नाहीत!

आता तू म्हणशील, "बाळ्या, मेल्या मानसाला पत्र लिव्हतोस, डोकं ठिकानावर हाय का?" हाय, आक्का. पण आज दुपारी दिलीप आला. सावेडीहून, स्कूटरवर, पाठीला तीच गिटार. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाला, "बाळासाहेब, पडदे परत झिजले हो! आक्का कुठायत?"

तो चार वर्षं आखातात एका हॉटेलात वाजवत होता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बोट केलं. तुझ्या पुण्यानुमोदनालाही आता तीन वर्षं झाली, म्हटलं. बिचारा काउंटरला धरून उभा राहिला. हार जरा वाकडा झाला होता, तो त्यानं सरळ केला. मग हळूच म्हणाला, "मग आता रेघा कोण मारणार?"

बघ, म्हणजे हळहळ झाली की लगेच रेघांची काळजी! कलाकार माणूस. पण आक्का, सबंध नगर जिल्ह्यातनं माझ्याकडं वाद्यं येतात आणि आजवर एकानंही तुझ्या रेघांबद्दल विचारलं नव्हतं. विचारणार कसं? दिलीपनं ते काम डोळ्यांनी बघितलं होतं, बाकीच्यांना मी कधी सांगितलं तर ना!

म्हणून हे पत्र. आज गल्ला लवकर मिटला, सुमन विहारात गेलीय, आणि ती गिटार समोर बाकावर आडवी पडलीय.

तुला आठवतं का तो पहिला दिवस? दिलीपनं पेटी उघडली आणि तू मागच्या खोलीतनं विड्यांचं सूप मांडीवर घेऊनच पुढं सरकत आलीस. गिटारीची ती दांडी बघून म्हणालीस, "आगं बया! ही तं लोन्यातनं काढल्यावानी हाय." खरंच होती. आपल्याकडं सतारीची, मेंडोलिनची दांडी काळी-तपकिरी. ही पिवळीधमक, मेपल नावाच्या परदेशी लाकडाची, आणि वरून लॅकरचा काचेसारखा थर. त्याच्यात तोंड दिसेल असा. दिलीपचा मामा बोटीवर कामाला, त्यानं आणलेली.

तिच्यावर आडव्या बसवलेल्या तारेच्या त्या एकवीस पट्ट्या. दिलीप त्यांना फ्रेट म्हणायचा, आपण सतारीवरून पडदे म्हणालो. झिजून झिजून त्यांना चर पडले होते. एक सूर लावला की शेजारचाच बोलायचा. मी नुसती एक तार छेडली आणि सांगितलं, "तिसरा, पाचवा आणि सातवा पार गेलाय. बाराव्याची डावी बाजू उचललीय." दिलीपचं तोंड उघडंच राहिलं. तुला मात्र काही वाटलं नाही. तुला माझ्या कानांचं कौतुक लहानपणापासून कधी नव्हतंच. कुकरची शिट्टी काळी चारमध्ये वाजते, असं मी म्हणालो की तू म्हणायचीस, "काळी का गोरी, भात झाला का त्ये सांग!"

दिलीप म्हणाला, "मुंबईवाले दोन महिने थांबा म्हणतात. आणि जयंतीला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे, काष्टीला."

काष्टी! आपलं गाव. मी नऊ वर्षांचा आणि तू एकवीसची, कपाळ पांढरं झालेली. माझं बोट धरून, एका पत्र्याच्या ट्रंकेसकट ज्या गावातनं तू निघालीस, ते गाव. मी काही बोलायच्या आत तूच बोललीस, "ठिवून जा दादा. हुईल."

तो गेल्यावर मी तुझ्यावर केवढा ओरडलो! "होईल म्हणजे? कोण करणार? मी आयुष्यात गिटारीचा पडदा काढलेला नाही!"

"मंग आता काढ."

"आणि लॅकर फुटलं तर? पडद्यावरनं लॅकर मारलंय, पडदा आणि लाकूड मिळून एकच कातडं झालंय. पडदा उपसला की कातड्याचा टवका निघणार."

"मंग आदी कातडं काप."

एवढं सोपं! पण बरोबर तेच होतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पात्यानं लॅकर चिरायचं, म्हणजे उपसताना ते ओढलं जात नाही. ही अक्कल पुढं मी पुण्या-मुंबईच्या माणसांना शिकवली, माझी म्हणून.

मी का घाबरत होतो, ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्या संगीताच्या मास्तरांचं व्हायोलिन. त्याची वरची फळी उकलताना 'कट्' असा बारीक आवाज आला, माझा हात दचकला आणि चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मास्तर तुकडे रुमालात बांधून घेऊन गेले. त्यानंतर वर्षभर मी तारेच्या वाद्याला हात लावला नाही. स्टोव्ह, मिक्सर, इस्त्र्या. पाटीवर 'वाद्य दुरुस्ती' लिहिलेलं आणि आत नुसता रॉकेलचा वास! लोक म्हणायचे बाळूचा हात गेला. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तू एकटी म्हणायचीस, "तुजा हात भित्रा न्हाई रं. तुजे कान भित्रे हायेत. कान वरडले की हात पळतो."

तेव्हा मला ते वाक्य फार लागलं होतं. आता बघ, त्याच वाक्यावर दुकान उभं आहे. दिलीपची गिटार बिघडली असती तर मी जन्मभर स्टोव्हच्या पिना मारत बसलो असतो, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. आपण दोघंही ते बोललो नाही, एवढंच.

मग दोन दिवस तू रेघा मारल्यास. एकवीस पडदे, दोन्ही बाजू, बेचाळीस रेघा. हात तुझा का, तर त्या दिवसांत मला जवळचं धड दिसत नव्हतं आणि ते मी कबूल करत नव्हतो. तुझा तो मोफत शिबिरातला चष्मा, एका दांडीच्या जागी दोरा बांधलेला! "लाव की माजा," म्हणायचीस. मी म्हणायचो, "आपलं काम कानाचं आहे. चष्मे शिंप्यांनी लावावेत." काय तो तोरा माझा!

पण तुझा हात बघत बसावं असा चालायचा. विडीचं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्री जशी फिरायची, तसंच पातं. न थांबता, न दाबता. एक रेघ झाली की पात्याचं टोक केसांत पुसायचीस. मी म्हटलं, "आक्का, लॅकर दाढी नाही." तू म्हणालीस, "गप. तुज्या दाढीपरीस ग्वाड हाय."

आणि मग उपसायचे दोन दिवस. पकडीचं तोंड मी सहाणेवर घासून सपाट केलेलं. सोल्डरिंग आयर्ननं पडदा तापवायचा, टोकाशी पकड लावायची आणि कणाकणानं उचलायचा. तू शेजारी, मांडीवर सूप. निघालेला पडदा तुझ्या सुपात. प्रत्येक पडदा निघाला की त्या खाचेवरनं तू तुझं ओलं बोट फिरवायचीस. "तमाकूचा कन आसंल," म्हणायचीस.

माझा हिशेब साधा होता. लॅकर तडकलं की 'टिक्' असा आवाज होतो, वाळली शेंग फुटावी तसा. तो आवाज या कानांतनं सुटणं शक्य नाही. आवाज नाही म्हणजे टवका नाही. आणि आवाज आलाच नाही, आक्का! एकवीस पडदे, एकही टवका न उडवता काढले. हे मी काष्टीच्या स्टेजवर सांगितलं, पुढं शिर्डीच्या बँडवाल्यांना सांगितलं, नव्या पाटीवर लिहायचंही मनात होतं. सुमन नको म्हणाली म्हणून राहिलं.

एकच तक्रार तेव्हा होती आणि अजून आहे. तुझा खोकला! नेमका पडदा सुटतोय, मी श्वास धरून कान लावलेत, आणि तू खॉक् करून खोकायचीस. एकदा नाही, सात वेळा. मी मोजलं होतं. चिडून म्हणालोसुद्धा, "आक्का, तुझा खोकला काळी दोनमध्ये आहे, पण वेळ चुकतेय!" तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, "तमाकू हाय बाबा. इचारून येती व्हय?"

त्या खोकल्यापायी मला सात वेळा पडद्याचं सुटणं ऐकू आलं नाही. कारागिराला ते ऐकण्यातच सुख असतं गं. पाच मिनिटं बाहेर जाऊन खोकली असतीस तर काय बिघडलं असतं?

असो. सुमनची चप्पल वाजली. उरलेलं उद्या.

*

उद्या म्हणालो आणि पाच दिवस गेले. आक्का, वरचं सगळं मी खोडणार होतो. सुमन म्हणाली, "खोडू नका. त्यांना कळू दे तुम्ही काय काय बोलत होता ते."

झालं असं. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी खिडकीत धरली. आता मला चष्मा आहे, दोन्ही दांड्या शाबूत असलेला. रेघा मारायला पातं घेतलं, आणि तिसऱ्या पडद्याच्या कडेला तिळाएवढं काहीतरी दिसलं. डाग नव्हे. लॅकरच्या खाली-वर कुठंच घाण नाही. फक्त एक केसासारखी बारीक कड, तिळाच्या आकाराची, आणि तिच्या आतली चमक बाहेरच्यापेक्षा किंचित ओलसर. मला वाटलं आखातात कुणी हात मारला असेल. मनात त्या अज्ञात माणसाला शिवीही घातली. पण काम बघून शिवी अर्ध्यात थांबली. फुटलेला टवका कुणीतरी जिथल्या तिथं, धागा धाग्याला जुळवून परत बसवला होता!

पाचव्याशी दुसरा दिसला. मी हाक मारली. सुमन चहा घेऊन आली.

"हे बघ. इथं कुणीतरी टवका चिकटवलाय."

तिनं कप ठेवला, वाकून बघितलं आणि हसायलाच लागली. "सापडला का शेवटी?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"नेलपॉलिशची बाटली कुणी आणून दिली मग?"

आक्का, नेलपॉलिश! मला आठवलं. पडदे उपसून झाल्यावर मी नव्या पडद्यांच्या तारेसाठी मुंबईला गेलो होतो. दोन दिवसांनी परत आलो तर तुझ्या सुपात, कात्रीशेजारी, नेलपॉलिशची छोटी बाटली. दिलीपही तेव्हा आला होता, काम कुठवर आलं बघायला. त्याच्यासमोर मी तुझी केवढी टर उडवली! "काय आक्का, या वयात नखं रंगवायला लागलीस? आणि फसवलं की तुला बांगडीवाल्यानं, याच्यात रंगच नाही!" दिलीपसुद्धा खो खो हसला. तू बाटली कंबरेला खोचलीस आणि म्हणालीस, "मला पुरतोय तेवढा रंग."

तुझं तोंड तेव्हा जरा उतरलं होतं का? मी बघितलंच नाही. मी आवाजावर राहिलो, आणि तुझा आवाज नेहमीसारखाच होता.

सुमननं मग सगळं सांगितलं. मी एसटीत बसल्यावर तू काडेपेटी काढलीस. तिच्यात टवके. प्रत्येक टवका विडीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेला आणि पानाच्या कडेला कात्रीनं खाचा मारलेल्या. तिसऱ्या पडद्याला तीन खाचा, पाचव्याला पाच. लिहिता येत नव्हतं तुला, पण तुझं सूप म्हणजे चोपडीच होती! आणि ओल्या बोटानं तमाकूचे कण टिपत होतीस म्हणे! काय टिपत होतीस, ते माझ्या नाकासमोर, वीतभर अंतरावर चाललं होतं.

"पण नेलपॉलिश कसं सुचलं तिला?" मी विचारलं.

"वासावरनं," सुमन म्हणाली. "म्हणाल्या, 'सुमन, तुज्या नवऱ्याच्या लॅकरच्या डब्याचा आन् बांगडीवाल्याकडच्या नखाच्या रंगाचा वास येकच हाय. मंग चीज बी येकच आसनार.' आधी स्वतःच्या नखावर माझी लाल लावून बघितली. मग म्हणाल्या, आता बिनरंगाची आन."

आक्का, चीज एकच आहे! हे मला पुढं तीन वर्षांनी मुंबईच्या एका रंगवाल्याकडनं कळलं आणि मी ते घरी येऊन तुलाच समजावून सांगितलं. तू हातातली विडी न थांबवता म्हणालीस, "व्हय का? लई हुशार मानूस दिसतुय."

दोन दिवस तू त्या टवक्यांवर बसलीस. झाडूच्या काडीनं एकेक थेंब, टवका बसवायचा, बोटानं नाही तर विडीचं तोंड मिटायच्या त्या लोखंडी सळईनं दाबायचा, वाळू द्यायचा, परत थेंब. म्हणजे माझा पहिला हिशेब चुकला. चार हजार नव्हे, सहा हजार विड्या.

मी सुमनला म्हटलं, "मला का सांगितलं नाहीत दोघींनी?"

"मी म्हटलं होतं, सांगू या. आक्का म्हणाल्या, 'चष्मा लागला की दिसंलच त्याला. तवर त्याचा हात बसू दे.'"

तवर हात बसू दे! आठ वर्षं बसू दिलास, आक्का. त्या आठ वर्षांत किती सतारी, किती पेट्या, किती व्हायोलिनं या हाताखालनं गेली! त्या मास्तरांच्या मुलीचं व्हायोलिनसुद्धा. त्यांनी स्वतः आणून दिलं, आणि जाताना म्हणाले, "आता हात बरा आहे असं ऐकतो."

मग मला खोकला आठवला. मी सुमनला म्हटलं, "पण काही म्हण, तिच्या त्या खोकल्यानं मला फार छळलं."

सुमन माझ्याकडं बघतच राहिली. "कसला खोकला? तेव्हा कुठं खोकला होता आक्कांना? खोकला लागला तो शेवटच्या वर्षी."

तिचं खरं आहे. शेवटच्या वर्षातला तुझा खोकला मी रोज ऐकलाय. तो पोटातनं यायचा, ओला, खालच्या पट्टीत, आणि सुरू झाला की थांबायचा नाही. गिटारीजवळचा खोकला घशातला होता. वरच्या वर, एकच, चोख. काळी दोनमध्ये! खरा खोकला कधी सुरात असतो का? माझे कान तेव्हाच सांगत होते, हे खोकणं नाही. जिल्ह्यात ज्यांचा डंका, त्या कानांचं मीच ऐकलं नाही.

टवका उचलायला लागलेला तुला चष्म्यातनं आधी दिसायचा, होय ना? आणि 'टिक्' व्हायच्या आत तू खोकायचीस. माझे कान ओरडू नयेत म्हणून. हात पळू नये म्हणून. आणि मी वर तुलाच म्हणालो, वेळ चुकतेय!

वेळ एकदाही चुकली नव्हती.

टवके किती आहेत ते मी अजून मोजलेले नाहीत. दोन दिसले, तेवढ्यावर त्या दिवशी चष्मा काढून ठेवला. मोजायची हिंमत होईना.

पण काम थांबवलं नाही, हे तुला सांगायलाच हवं. रेघा मी मारल्या. तुझ्यासारख्या नाहीत, चार ठिकाणी पातं घसरलं. काल उपसायला बसलो. सुमन दारात उभी राहून म्हणाली, "बसू का शेजारी? खोकायला?" आम्ही दोघंही इतके हसलो की आयर्न गार झालं!

नवव्या पडद्याला आवाज आला. 'टिक्'. स्वच्छ, वाळल्या शेंगेचा. मधे खोकला नाही, काही नाही. आणि आक्का, हात हलला नाही. जिथं होता तिथंच राहिला. मी पडदा सावकाश काढला, बोट ओलं केलं, टवका उचलला आणि काडेपेटीत ठेवला. कागदात गुंडाळून, वर नऊ लिहून. मला लिहिता येतं, तुझ्या विड्यांच्या जिवावर.

नेलपॉलिश सुमननं न सांगताच आणून ठेवलीय. बिनरंगी.

सुख वाटतंय, खोटं कशाला सांगू? मला वाटलं होतं हे कळल्यावर मी खचेन. जन्मभराची फुशारकी एका तिळाएवढ्या टवक्यानं उतरली. पण उलटंच झालं. एकट्यानं केलं असं वाटत होतं तेव्हा आतनं कुठंतरी धाकधूक असायची, की परत जमेल का? आता कळलं की एकट्यानं केलंच नव्हतं, तर धाकधूकही गेली.

फक्त काष्टीची ती संध्याकाळ खुपते. दिलीपनं माईकवरनं विचारलं, "या गिटारीचा मिस्त्री कोण?" आणि मी एकटाच वर चढलो. तू खाली बायकांत बसली होतीस, पांढऱ्या पातळात. मी छाती काढून सांगितलं, "एकवीस पडदे, आणि एक टवका उडाला नाही!" ज्या गावानं आपल्याला ट्रंकेसकट जाताना बघितलं, त्या गावानं टाळ्या वाजवल्या. तू सगळ्यांत जोरात वाजवल्यास. मला वरनंही वेगळ्या ऐकू आल्या. तुझ्या हातांना विड्या वळून घट्टे पडलेले, तुझी टाळी लाकडासारखी वाजायची. ती टाळी मी ओळखली, आणि तरीही तुझं नाव घेतलं नाही. का गं तू खालनं ओरडली नाहीस, "ये बाळ्या, माजं बी सांग की!"?

आता ऐक. दांडी गिटारीपासून सोडवली तेव्हा तिच्या बुडाशी, जिथं कुणाला दिसत नाही तिथं, पेन्सिलीनं दोन इंग्रजी अक्षरं सापडली. तिकडच्या कुणा कारागिरानं टाकलेली. त्याच्याखाली मी पेन्सिलीनं लिहिणार आहे, 'गयाबाई, नगर'. आणि या जयंतीला दिलीप परत काष्टीत वाजवणार आहे. मिस्त्री कोण, असं त्यानं विचारलं की मी वर जाईन आणि आधी तुझं नाव सांगेन, मग रेघा, मग काडेपेटी, मग बाटली. माझी पाळी आलीच तर शेवटी. शब्द देतो. आणि लोक हसले तर हसू देत. बिनरंगी नेलपॉलिशवर मी तरी कुठं कमी हसलो होतो?

तुझा,
बाळ्या
(बाळासाहेब बाहेरच्यांसाठी)

ता. क. सही केल्यावर चष्मा पुसला आणि दांडी खिडकीत धरून तुझे टवके मोजले. सात आहेत.